आमची वाटचाल : आधी आवाज, मग आडोसा

सायकलला छोटं इंजिन बसवून द्यायचं काम सुरू केलं तेव्हा वर्कशॉपमध्ये आम्ही दोघंच होतो. भागीदार फिटर, माझ्याकडे हिशेब आणि हमाली. गाड्या चालायच्या उत्तम, पण वळणाआड असतानाच कळायचं की आमची गाडी येतेय. एका गिऱ्हाइकाने विचारलं, "इंजिन दिसणार नाही, ऐकूही येणार नाही, असं जमेल का?" मी ताबडतोब हो म्हणून मोकळा झालो. भागीदार काहीच बोलला नाही. त्याचं गप्प बसणं मला तेव्हाच कळायला हवं होतं.

फ्रेमच्या त्रिकोणात बसेल असा पातळ ॲल्युमिनियमच्या पत्र्याचा डबा केला, आतून फोम चिकटवला. दिसायला झकास. चालू केल्यावर पत्राच ढोलासारखा वाजायला लागला, आणि चढावर वीसेक मिनिटं चालवल्यावर इंजिन जाम. उघडलं तर पिस्टनच्या अंगावर उभे ओरखडे. कार्बोरेटरच्या बाजूचा फोम पेट्रोलने ओला, आणि त्यापासून वीतभर अंतरावर तापलेला सायलेन्सर. पेटलं नाही हे नशीब. एवढ्याशा इंजिनात पेट्रोलमधल्या ऊर्जेचा पाऊण हिस्सा तरी नुसती उष्णता होऊन बाहेर पडतो. सिलिंडरच्या फिन्सना, म्हणजे गार होण्यासाठी असलेल्या पातळ पात्यांना, वारा लागला नाही, तर ती उष्णता जाणार कुठे? इंजिन आम्ही आमच्या खर्चाने बदलून दिलं.

तेव्हा ठरवलं, आधी आवाज कमी करायचा, झाकायचं नंतर.

अर्थातच पहिला संशय सायलेन्सरवर. 49 सीसीचं टू-स्ट्रोक (दर फेऱ्याला एक स्फोट, तेल पेट्रोलमध्येच मिसळलेलं) इंजिन मिनिटाला 6000 फेरे घेतं तेव्हा सेकंदाला 100 स्फोट होतात, आणि प्रत्येक स्फोटाचा वायू त्या नळीतून धडकत बाहेर येतो. सोबत आलेला सायलेन्सर जेमतेम मुठीएवढा होता. आम्ही अर्धा लीटरचा केला, म्हणजे सिलिंडरच्या दहापट, आत दोन कप्पे. वायू एकदम मोठ्या जागेत पसरला की आवाजाची बरीचशी लाट मागे परतते, हे त्यामागचं तत्त्व. आवाज शोषायला हौसेने काचलोकरही (काचेच्या बारीक तंतूंचा कापूस) भरली होती. टू-स्ट्रोकच्या तेलकट धुराने तिचा लगदा झाला. एकदा बाहेरची नळी फारच बारीक ठेवली. आवाज कमी झाला खरा, पण गाडीचा दमही गेला आणि इंजिन जास्त तापायला लागलं.

एवढं करून आवाज मोजायचा मीटर लावला तर फरक अगदीच किरकोळ. मी वैतागलो. मग डेसिबलचं गणित नीट समजून घेतलं. सारख्याच जोराचे दोन आवाज असतील आणि त्यातला एक पूर्ण बंद केला, तर मीटरवर उतरतात फक्त 3 डेसिबल. कानाला आवाज निम्मा वाटायला साधारण 10 उतरावे लागतात. म्हणजे सायलेन्सर सोडून आणखी कुठेतरी तेवढाच गोंगाट होता.

भागीदाराने लांब स्क्रू ड्रायव्हर घेतला, टोक इंजिनवर टेकवलं आणि मूठ कानाला लावली. डॉक्टर छाती तपासतो तसं एकेक ठिकाण ऐकत गेला. कार्बोरेटरजवळ पोचल्यावर त्याने स्क्रू ड्रायव्हर खालीच ठेवला, कारण थ्रॉटल उघडला की ते उघडं तोंड चक्क भुंकत होतं, नुसत्या कानाला ऐकू येईल इतकं. त्याला आम्ही लांब नळीचा एअरबॉक्स, म्हणजे हवा आत घ्यायचा बंद डबा, लावला. नंतर फ्रेम. पोलादी पोकळ नळ्या, त्यावर इंजिन थेट आवळलेलं. सगळी सायकलच वाजत होती. रबरी बुश घातले तर चेनच्या ओढीने इंजिन तिरकं होऊन चेन उतरायची. शेवटी कडक रबर आणि चेनची ओढ पेलायला एक आडवी पट्टी, अशी जोडी जमली.

इतकं झाल्यावरही एक बारीक झिणझिण उरली होती, तीही ठरावीक वेगालाच. दोन दिवस इंजिन उलटंपालटं केलं. तिसऱ्या दिवशी सहज मडगार्डच्या तारेवर बोट ठेवलं, आणि झिणझिण थांबली. एका रबरी वॉशरवर भागलं.

आता झाकण्याबद्दल. सिलिंडरचं डोकं आम्ही कधीच झाकत नाही. पुढून वारा आत घेणारं तोंड, मागे त्याहून मोठी वाट, आणि तळ उघडा, म्हणजे पेट्रोल गळलं तरी साचणार नाही. सायलेन्सरजवळ फोम नाही, प्लास्टिक नाही. बाकी काम काळा मॅट रंग करतो. डोळ्यात भरतं ते चकाकणारं ॲल्युमिनियम आणि नळकांड्यासारखी टाकी, म्हणून टाकी त्रिकोणातल्या सपाट पिशवीच्या आकाराची करतो. लपवण्याची हौस तशी जुनीच. 1950 मध्ये आलेल्या ब्रिटिश 'सायकलमास्टर'ने 25.7 सीसीचं अख्खं इंजिन मागच्या चाकातच बसवलं होतं. आमच्या पहिल्या डब्यापेक्षा किती शहाणपणाचं!

नंबरप्लेट नको, कुणाला संशय नको, एवढ्यासाठीच इंजिन लपवून मागणारेही येतात. बऱ्याच देशांत इंजिन लागलं की सायकल कायद्याने मोपेड ठरते, म्हणून अशांना आम्ही सरळ नाही म्हणतो. त्यापायी काही गिऱ्हाइकं गेली, जाऊ द्यात.

नव्या गाडीला आता आम्ही फोर-स्ट्रोकच सुचवतो. तेवढ्याच फेऱ्यांना स्फोट निम्मे, आणि धुरात तेल नाही, त्यामुळे काचलोकरही टिकते. हे आधी सुचलं असतं तर निम्मी उठाठेव वाचली असती, असं भागीदार अजून ऐकवतो. सध्या चेनची खडखड काढायला दातेरी पट्टा लावून बघतोय. आवाज छान कमी झालाय, पण पट्टा चढवायला मागची फ्रेम एका बाजूने उघडावी लागते, आणि तो जोड खड्ड्यांत ढिला पडतो. तिथेच अडलोय.