नांगराला दाद न देणारं रान : कॅन्ससमधली एक फेरी

माझे सासरे, नाना, माण तालुक्यातले शेतकरी. कॅन्सस सिटीला आमच्याकडे आले की त्यांना मॉल दाखवून काही उपयोग नसतो. म्हणून ऑक्टोबरात त्यांना गाडीत घातलं आणि दोनेक तासांवरचं टॉलग्रास प्रेअरी नॅशनल प्रिझर्व्ह, म्हणजे उंच गवताचं राखीव माळरान, गाठलं. स्ट्राँग सिटीच्या जरा उत्तरेला, १७७ नंबरच्या रस्त्यालगतच आहे. प्रवेशाला पैसे नाहीत. पाणी मात्र भरपूर घ्या, वर टेकडीवर ना नळ ना सावली.

आधी स्टीफन जोन्स या पशुपालकाचं १८८१ चं दगडी घर. मला ते आवडलं, नानांनी त्याच्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. ते रमले गोठ्यात. चुनखडीच्या दगडाचा, तीन मजली. बाहेरून मातीचा उतार थेट वरच्या मजल्यापर्यंत चढवलाय, म्हणजे गाडी वैरणीसकट वर न्यायची आणि खाली जनावरांना टाकायची. नाना दगडांच्या सांध्यांवरून बोटं फिरवत म्हणाले, "गवंडी हुशार होता गं." कोंबड्यांच्या खुराड्यावरही गवत उगवलेल्या मातीचं छप्पर आहे, तेही त्यांनी वाकून वाकून पाहिलं.

मग पायवाट. वाटेत फाटक लागतं, ते आपलं आपण लावून घ्यायचं, कारण पुढे गवे मोकळे असतात. गवे म्हणजे बायसन; २००९ साली साउथ डकोटातल्या विंड केव्ह राष्ट्रीय उद्यानातून आणून इथे सोडलेले. शंभर यार्डांच्या आत जायचं नाही. आम्हाला ते लांब उतारावर चरताना दिसले, तेवढंच पुरे.

चढावर नानांनी चपलेच्या टोकाने माती उकरली. "खाली खडक हाय. फाळ मोडंल." हे गवत टिकलं त्याचं नेमकं तेच कारण! उत्तर अमेरिकेत असलं उंच गवत एकेकाळी सतरा कोटी एकरांवर होतं. आज चार टक्केही उरलेलं नाही. बाकी सगळीकडे मका-सोयाबीन आलं. या फ्लिंट हिल्समध्ये चुनखडीत चकमकीचे थर, वर मातीचा पातळ पापुद्रा, त्यामुळे लोकांनी नांगराचा नाद सोडला आणि गुरं चारली. वसंतात रान पेटवायची पद्धत अजून आहे. जळलेल्यावर कोवळं गवत फुटतं आणि झुडपं माजत नाहीत.

फॉक्स क्रीक ओढ्याकाठची काळी सपाट जमीन मात्र पूर्वी नांगरली गेली होती. तिथे आता मूळच्या गवतांचं बी पेरून रान परत आणताहेत. बिग ब्लूस्टेम नावाचं गवत नानांच्या डोक्याच्या वर गेलेलं, शेंड्याला तीन फाटे. मुळं जमिनीत दहा-दहा फूट जातात, हे मी सांगितलं. नानांनी एक ताट वाकवून पाहिलं, दाताखाली चावलं.

"वैरण झकास," ते म्हणाले. "पण असल्या काळ्या रानात गवत पेरत्यात? निदान ज्वारी तरी टाकायची."

परतीच्या वाटेवर कॉटनवुड फॉल्सला जेवलो. तिथेही विषय तोच.