तुम्ही विचारलंत म्हणून: सरकार आमची कमिटी बदलू शकतं का?

मी सांगलीत वकिली करतो आणि शाळेत असताना खो-खो खेळलोय, अजूनही संध्याकाळी कुठं शाळांच्या मॅचेस असल्या की जाऊन बसतो. त्यामुळे पीटीचे सर, संस्थाचालक, पालक, जो भेटेल तो एकच विचारतो, "वकीलसाहेब, आमची क्रीडा संघटना खाजगी शाळांनी मिळून काढलेली, सरकारचा एक रुपया घेत नाही, मग सरकार आमच्यात हात घालू शकतंय का ओ?"

मागच्या हिवाळ्यात असेच एक सर आले. प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये एका सरकारी कार्यालयाचं पत्र. आपल्या कार्यकारिणीत या कार्यालयाचे दोन प्रतिनिधी घ्यावेत, अन्यथा कार्यकारिणी बरखास्त समजण्यात येईल. सही, गोल शिक्का, जावक क्रमांक, सगळं होतं, फक्त कुठल्या कायद्याच्या कुठल्या कलमाखाली हे एवढंच नव्हतं. सोबत संघटनेची घटना आणलेली, सायक्लोस्टाइल केलेली, कडा पिवळ्या पडलेल्या. शेवटच्या पानावर सात सह्या, त्यातल्या एका सहीवर बोट ठेवून सर म्हणाले, हे आमचे सर, यांनीच मला पळायला शिकवलं. थोडा वेळ ते बोट तिथंच होतं.

तर अशा पत्राने कमिटी बरखास्त होत नाही. राज्यघटनेच्या कलम १९(१)(क) मध्ये संघटना काढायचा हक्क आहे, आणि त्यावर बंधन घालायचं तर १९(४) प्रमाणे कायदा लागतो, तोही सार्वभौमत्व-अखंडता, सुव्यवस्था, नीतिमत्ता याच कारणांसाठी. कार्यालयाचं पत्र किंवा परिपत्रक म्हणजे कायदा नव्हे. बरं, कायदा केला तरी सगळं चालतं असंही नाही. अलाहाबादच्या हिंदी साहित्य संमेलनाचं उदाहरण मी प्रत्येकाला सांगतो. १९६२ साली संसदेने कायदा करून त्या संस्थेची रचनाच बदलली, मूळ सभासदांनी ज्यांना कधी घेतलंच नव्हतं अशी माणसं आत आली. सुप्रीम कोर्टाने १९७१ मध्ये दमयंती नारंगा खटल्यात तो कायदा रद्द केला. कोर्ट म्हणालं, संघटना काढायच्या हक्कात ज्यांच्यासोबत काढली त्यांच्यासोबत ती चालू ठेवायचा हक्कही येतो. संसदेला जे जमलं नाही ते जावक क्रमांक टाकून कसं जमेल?

पण इथवर ऐकून लोक खूश होऊन उठायला लागतात, त्यांना मी परत बसवतो. सुप्रीम कोर्टानेच १९६१ मध्ये, बँक कर्मचाऱ्यांच्या खटल्यात, हेही सांगितलंय की संघटना काढायचा हक्क आहे म्हणजे संघटनेचं प्रत्येक उद्दिष्ट पार पडलंच पाहिजे असा हक्क नाही. म्हणजे मान्यता, सरकारी ग्राउंड, अनुदान हे मागायला गेलात की समोरचा अटी घालणार. अट मनमानी नको, एकाला एक आणि दुसऱ्याला दुसरी नको, एवढंच तुम्ही म्हणू शकता. क्रीडा प्रमाणपत्रावर दहावी-बारावीला ग्रेस मार्क मिळतात, सरकारी नोकरीत खेळाडूंना पाच टक्के आरक्षण आहे, मग त्या कागदाची तपासणी सरकारने करू नये तर कुणी करावी? खेळ हा विषय राज्यसूचीत, ३३ नंबरला आहे, त्यामुळे राज्याला कायदा करायचा अधिकारही आहे. शिवाय तुमची संस्था १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याखाली आणि १९५० च्या ट्रस्ट कायद्याखाली नोंदलेली असते, म्हणजे हिशेब ऑडिट करून घ्या, कार्यकारिणी बदलली की नव्वद दिवसांत बदल अर्ज धर्मादाय कार्यालयात टाका. निम्मी भांडणं हा बदल अर्ज वर्षानुवर्षं न टाकल्याने होतात, हे मी अनुभवाने सांगतो. विश्वस्त काढायचेच असतील तर धर्मादाय आयुक्तांना त्याच ट्रस्ट कायद्याच्या कलम ४१ड खाली ठरलेली कारणं दाखवून, नोटीस देऊन, म्हणणं ऐकून काढावे लागतात. आणि पोक्सो, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धचा कायदा, सगळ्यांना लागू आहे, मुलांच्या सुरक्षिततेत आम्ही खाजगी आहोत हे उत्तर चालत नाही, चालूही नये.

अमेरिकेतली एक केस मला नेहमी आठवते. टेनेसी राज्यात ब्रेंटवूड अकॅडमी नावाची खाजगी शाळा, तिच्या फुटबॉलच्या कोचने नव्याने येणाऱ्या मुलांना सरावाला या म्हणून पत्र लिहिलं, तर तिथल्या शालेय क्रीडा संघटनेने शाळेला तीन हजार डॉलर दंड केला, वर दोन वर्षं प्लेऑफ बंद. संघटना म्हणाली आम्ही खाजगी. अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने २००१ मध्ये पाच विरुद्ध चार मतांनी सांगितलं की तुमच्यातल्या ८४ टक्के शाळा सरकारी, तुम्ही राज्यच आहात, राज्यघटना तुम्हाला लागू. (पुढे २००७ मध्ये मूळ मुद्द्यावर संघटनाच जिंकली.) आपल्याकडे २००५ च्या झी टेलिफिल्म्स खटल्यात बीसीसीआयला तीन विरुद्ध दोन मतांनी 'राज्य' म्हणायला नकार मिळाला, पण सार्वजनिक काम करणाऱ्या संस्थेविरुद्ध कलम २२६ खाली हायकोर्टात जाता येतं हेही तिथंच आलं. आता तर ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरला मुंबई हायकोर्टाचं सर्किट बेंच आहे, अशा अर्जासाठी (रिटसाठी) मुंबई गाठायची गरज राहिली नाही.

खाजगी संघटनेविरुद्धही दाद मागता येते, हे दुसरं टोक मला एवढं का लागतं तेही सांगतो. मी आठवीत होतो. सकाळी सहाला आम्ही पोरांनीच ग्राउंडवर फक्की मारलेली, खांबाला माती लावून घासलेली, आणि नऊ वाजता टेबलावरचा माणूस म्हणाला तुमची शाळा आमच्या संघटनेची सभासद नाही, एंट्री नाही. जिल्ह्यात दोन गट होते, दोघंही आम्हीच खरे म्हणायचे. आमच्या सरांनी हातापाया पडून बघितलं. बारा पोरं, गुडघ्याला पट्ट्या बांधलेली, तशीच एसटीने परत आली, कोणी कोणाशी बोललं नाही. ते सरकारने केलं नव्हतं, खाजगी संघटनेनेच केलं होतं, आणि दाद मागायला जागा आहे हे आमच्यातल्या कुणालाच माहीत नव्हतं.

म्हणून त्या सरांना पत्राचं उत्तर दीड पानात लिहून दिलं: कलम कळवावं, कार्यकारिणी संघटनेच्या घटनेप्रमाणे निवडलेली आहे, हिशेब आणि बदल अर्जाच्या प्रती सोबत जोडल्यात. पण प्रती जोडायच्या आधी दोन बदल अर्ज राहिलेले निघाले, ते उशीर माफीचा अर्ज देऊन टाकायला लावले. आणि फी म्हणून सर्वसाधारण सभेत एक ठराव मागितला, एंट्री नाकारली तर त्याच दिवशी, मॅच सुरू व्हायच्या आत, तिघांनी बसून मुलाच्या शाळेचं म्हणणं ऐकायचं आणि कारण लेखी द्यायचं. सभेत तासभर वाद झाला. ठराव दोन मतांच्या फरकाने पास झाला.