दारात थांबलेले बोलणे

शुक्रवार, रात्री उशिरा

परवा रात्री तिने मला काहीच सांगितले नाही, आणि तेच डोक्यातून जात नाही. अमेरिकेतल्या या विद्यापीठाच्या वसतिगृहात मी आर.ए. (रेसिडेंट असिस्टंट) आहे, म्हणजे एका मजल्यावरच्या मुलींची जबाबदारी असलेली विद्यार्थिनी, आणि ती त्यातलीच एक. सांगितले असते तर पुढे काय करायचे ते मला नेमके ठाऊक होते: आधी हॉल डायरेक्टरांना, म्हणजे वसतिगृहाच्या प्रमुखांना, फोन, मग इन्सिडेंट रिपोर्ट, त्यात वेळ, ठिकाण, कोण कोण हजर होते, कोण काय म्हणाले, आणि माझे स्वतःचे मत कुठेही येऊ न देता जसे घडले तसे. न सांगितलेल्या गोष्टीचे काय करायचे, ते मात्र ऑगस्टच्या प्रशिक्षणात कोणी शिकवले नाही.

बाराची फेरी संपवून मी ड्यूटीचा फोन चार्जिंगला लावत होते, तेव्हा दार वाजले. ती कोण, ते इथे लिहीत नाही. किल्ली आत राहिली असेल असे समजून मी खाली डेस्कवर जायला निघाले, तर ती म्हणाली की किल्ली आहे. ‘ये, बस’ म्हटले तरी आत आली नाही. माझ्या दारावरच्या नावाच्या कागदी पाटीचा एक कोपरा सुटला आहे, तो नखाने खाली दाबायचा, पुन्हा उचलायचा, पुन्हा दाबायचा, असे तिचे चालले होते. मग म्हणाली, ‘तुला एक सांगायचे आहे, पण ते तुझ्यापाशीच राहील ना?’ आणि मी शिकवल्याप्रमाणे लगेच बोलले, की तू बोलावेस असे मला मनापासून वाटते, पण कोणी तुला त्रास दिला असेल, इजा केली असेल किंवा जिवाला धोका असेल, तर मला ते वर कळवावे लागते; ज्यांच्यापाशी ते राहू शकेल अशा समुपदेशकांना मात्र मी आत्ता या क्षणी फोन लावून देते. तिने सगळे नीट ऐकून घेतले. ‘नको, तसे काही नाही, रूममेटचेच आहे थोडेसे,’ एवढे म्हणून ती आपल्या खोलीकडे गेली.

रूममेटचे असेलही. नसेलही.

प्रशिक्षणात हे वाक्य आम्ही पुन्हा पुन्हा घोटले होते. जुने आर.ए. बंद दारामागे विद्यार्थी होऊन बसतात, नव्याने दार वाजवून आत जायचे आणि समोर जे येईल ते हाताळायचे. कुठे दारूच्या बाटल्या, कुठे दोघींचे कडाक्याचे भांडण, कुठे कोपऱ्यात बसून रडणारी मुलगी. त्या सरावातली मुलगी माझे वाक्य ऐकून घ्यायची, मान हलवायची आणि सांगायला लागायची. दर वेळी सांगायची, कारण तिने सांगितल्याशिवाय सराव पुढे सरकत नसे. वाक्य ऐकून कोणी गप्प होईल आणि निघून जाईल, ही शक्यता त्या खोलीत कधी आलीच नाही.

त्या वाक्यामागे काय आहे ते मला माहीत आहे, म्हणून त्यावर धड चिडताही येत नाही. 1986 साली पेनसिल्व्हेनियातल्या लीहाय विद्यापीठात जीन क्लेरी या 19 वर्षांच्या विद्यार्थिनीवर वसतिगृहातल्या तिच्याच खोलीत बलात्कार करून तिचा खून करण्यात आला. मारेकरी त्याच विद्यापीठाचा विद्यार्थी होता, आणि आपोआप बंद होणारी दारे कोणीतरी अडकण लावून उघडी ठेवली होती, तिथून तो आत शिरला होता. तिच्या आईवडिलांनी पाठपुरावा केला, 1990 साली कायदा झाला, आणि तेव्हापासून केंद्र सरकारची विद्यार्थी-मदत घेणाऱ्या प्रत्येक विद्यापीठाला आपल्या आवारातल्या गुन्ह्यांचे आकडे दरवर्षी जाहीर करावे लागतात. ज्यांनी गुन्ह्याची माहिती मिळताच कळवायची अशा लोकांत आम्ही आर.ए. येतो. लैंगिक छळाचे कानावर आले तर आमच्या विद्यापीठाच्या नियमाप्रमाणे शिक्षणात लिंगभेदाला बंदी घालणाऱ्या 1972च्या टायटल नाईन कायद्याचे काम पाहणाऱ्या कार्यालयाला कळवायचे, तेही आमच्याकडेच. फेरीत जिन्याच्या दारात कोंबलेली चप्पल दिसली की मी ती काढते आणि दार लागल्याचा आवाज ऐकूनच पुढे जाते. मुलींना ती माझी कटकट वाटते, पण मला दर वेळी क्लेरी आठवते. पूर्वी गोष्टी दाबल्या गेल्या, म्हणून आता कोणालाच काही दाबून ठेवू द्यायचे नाही, हे मला पटते. अगदी मनापासून पटते. आणि तरीही परवा त्याच नियमाने एक मुलगी माझ्या दारातून गप्प होऊन परत गेली, हेही तितकेच खरे आहे.

अकरावी-बारावीला पुण्यात होते तेव्हा आमच्या वसतिगृहात असे कोणतेही पद नव्हते. रेक्टरबाई होत्या, त्यांच्यापर्यंत गेलेली गोष्ट संध्याकाळपर्यंत घरी पोहोचायची, म्हणून त्यांना कोणी काही सांगत नसे. जे सांगायचे ते शेजारच्या खोलीतल्या ताईला. तिला ना पगार, ना प्रशिक्षण, ना कोणाला कळवायचे बंधन. तिने ऐकले की ते तिच्यापाशी राहायचे, आणि राहू नये असेही काही त्यात होते, ते आज कळते. एका मुलीचे तर... ते आज नको. इथे उलटे आहे. 1974च्या कायद्यामुळे विद्यार्थ्याच्या नोंदी त्याच्या संमतीशिवाय सहसा आईवडिलांनाही दाखवत नाहीत, पण कार्यालयाला सगळे कळले पाहिजे. ताई आणि रेक्टरबाई यांच्यामधली जी जागा तिथे रिकामी होती, त्या जागेवर मला बसवले आहे. रात्री एक वाजता ती ताई शोधत आली होती, आणि तिला रेक्टरबाई भेटल्या.

काल दिवसभर मला स्वतःचीच फार दया येत होती. या कामाच्या बदल्यात खोली आणि मेस मिळते. विद्यार्थी व्हिसावर सत्र चालू असताना आठवड्याला 20 तासांच्या वर काम करता येत नाही आणि आवाराबाहेर तर सहसा नाहीच, त्यामुळे ही खोली गेली तर माझे गणित कसे बसेल, हा विचार मी करतच नाही. दादाला अजून सगळे आकडे सांगितलेले नाहीत. मग असे वाटत राहिले की ते वाक्य मी तिच्यासाठी बोलले की खोलीसाठी? आज जेवताना पुन्हा तेच. तिच्यासाठीच, असे ठामपणे म्हणावेसे वाटते. खोलीसाठीही असेल, आणि दोन्ही कारणे एकाच वेळी खरी असू शकतात, हे आज दुपारपासून जरा सोसवते आहे.

आज हॉल डायरेक्टरांबरोबरच्या भेटीत मी हे मांडले. त्या स्वतः पूर्वी आर.ए. होत्या. त्या म्हणाल्या की तिने सगळे बोलून टाकले असते आणि नंतर तिला कळले असते की हे वर जाणार आहे, तर ती यापुढे आपल्यापैकी कोणाच्याच दाराशी आली नसती. आधी कळले म्हणून काय सांगायचे आणि कोणाला, हे ठरवायचा हक्क तिच्याकडे राहिला. हे मी आधीही ऐकले होते, पण प्रशिक्षणात ते नियमासारखे ऐकले होते, आज तिच्या बाजूने ऐकले. तिची विचारपूस करायला, तिच्या खोलीवरून जाताना थांबायला, समुपदेशन केंद्र आणि 988 ही आत्महत्येचे विचार किंवा मानसिक संकट असेल तेव्हाची मदतवाहिनी, हे दोन्ही क्रमांक पुन्हा द्यायला मला कोणाची परवानगी लागत नाही. संध्याकाळी ती कपडे धुवायच्या खोलीत भेटली. ड्रायर पैसे घेऊन बंद पडतो अशी तिची तक्रार होती, ती मी लिहून घेतली. क्रमांकांची चिठ्ठी दिली, ती तिने खिशात ठेवली, आणि शेवटची घडी होईपर्यंत आम्ही दोघी कपड्यांच्या घड्या घालत बोलत राहिलो, तिच्या गणिताच्या परीक्षेबद्दल.

एक गोष्ट मात्र माझ्या हातात आहे. हे वाक्य मुलींनी ऑगस्टमधल्या पहिल्या बैठकीत ऐकलेले असते, पण आगीच्या भोंग्याच्या आणि मायक्रोवेव्हच्या सूचनांमध्ये, आईवडील नुकतेच निरोप घेऊन गेलेले असताना. ते कोणाच्या लक्षात राहणार? मग ते थेट रात्री एक वाजता दारात ऐकू येते, बोलायचा धीर करून आल्यावर. म्हणून मजल्यावरच्या फळ्यावरचे वीज वाचवण्याचे चित्र मी आज उतरवले. तिथे आता दोन रकाने आहेत: कोणापाशी बोललेले त्यांच्याचपाशी राहते, आणि कोणाला ते पुढे कळवावे लागते. दुसऱ्या रकान्यात पहिले नाव माझे आहे. खाली लिहिले आहे की तरीही माझे दार वाजवा, कुणाकडे जायचे ते आपण मिळून ठरवू. सोमवारच्या बैठकीत पहिला मुद्दा हाच घेणार आहे, ड्रायरची तक्रार त्यानंतर.