घर स्वस्त, हप्ता महाग

आज शेजारच्या वहिनींसोबत घरकुलाच्या कर्जाची चौकशी करायला बँकेत गेले होते. त्या चार घरची धुणीभांडी करतात, भाऊजी नाशिकच्या अंबड औद्योगिक वसाहतीतल्या कंपनीत कंत्राटी हेल्पर. पगार हातात, रोख. साहेबांनी पहिलाच प्रश्न विचारला, "सॅलरी स्लिप आहे का?" वहिनी माझ्याकडे बघायला लागल्या.

घरी येऊन हिशेब मांडला. पंतप्रधान आवास योजनेत आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकासाठी वर्षाला 3 लाखांच्या उत्पन्नाची मर्यादा आहे, म्हणजे महिन्याला 25 हजार. 15 लाखांचं कर्ज 9 टक्क्यांनी 20 वर्षांसाठी घेतलं, तर हप्ता साधारण साडेतेरा हजार. निम्म्याहून जास्त कमाई तिथेच गेली! मुलांच्या फिया, गॅस, दवाखाना कशातून करायचं? शिवाय मुद्रांक शुल्क आणि सोसायटीचा मेंटेनन्स वेगळाच. अडीच लाखांचं अनुदान मिळालं तरी हप्ता अकरा हजारांच्या वरच राहतो.

4 हजार चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या भूखंडावरच्या प्रकल्पात 20 टक्के घरं दुर्बल आणि अल्प उत्पन्न गटासाठी ठेवायचा नियम आपल्या नाशकातही आहे. चांगला नियम आहे, मला मनापासून पटतो. पण लॉटरी लागून पुढे कर्जच मिळत नसेल तर ते घर वहिनींचं होणार कसं?

मला वाटतं, सरकारने परवडणारी भाड्याची घरंही बांधावीत. 2024 मध्ये आलेल्या आवास योजना 2.0 मध्ये तशी तरतूद आहेच. ही घरं सातपूर-अंबडच्या जवळ हवीत, कामावर चालत जाता येईल इतकी.