तुम्ही विचारलंत म्हणून: हार्मोन नको, मग काय?

"गर्भनिरोधक गोळ्यांचा त्रास होतोय, बिनहार्मोनचं काही असेल तर सांगा." हे आम्हाला सतत विचारलं जातं. सांगतोच, पण आधी एक उलटा प्रश्न: त्रास म्हणजे नेमका कोणता? मळमळ हा एक त्रास, पाळी नसताना डाग लागणं हा दुसरा आणि एकाच पायाची पोटरी सुजून दुखणं हा तिसरा. पहिला गोळीची वेळ बदलली की बहुतेक वेळा जातो. दुसऱ्यामागे पुष्कळदा चुकलेल्या गोळ्या असतात. तिसऱ्यात शिरेत रक्ताची गुठळी झाल्याची शंका असते, म्हणून त्याच दिवशी दवाखाना गाठायचा असतो. तिघींना एकच उत्तर देऊन चालत नाही.

सरकारी दवाखान्यात फुकट मिळणाऱ्या माला-एनच्या पाकिटात २८ गोळ्या असतात. त्यातल्या २१ खऱ्या: प्रत्येकीत ०.०३ मिलिग्रॅम इथिनिल इस्ट्राडिओल (हे इस्ट्रोजेन) आणि ०.१५ मिलिग्रॅम लेव्होनॉर्जेस्ट्रेल. उरलेल्या ७ नुसत्या लोहाच्या. मळमळ आणि स्तन दुखरे होणं हे बहुतांशी त्यातल्या इस्ट्रोजेनचं काम. गोळी रात्री जेवणानंतर घ्या, दोन-तीन महिन्यांत शरीर सरावतं. घेतल्यावर तीन तासांच्या आत उलटी झाली तर ती गोळी धरू नका, दुसरी घ्या.

डाग लागतात कारण या गोळ्यांनी गर्भपिशवीचं आतलं अस्तर पातळ होतं आणि ते अधूनमधून सुटतं. पहिले तीन महिने हे चालायचंच. त्यानंतरही लागत असतील तर आधी पाकीट बघा. एक गोळी चुकली असेल तर आठवल्याबरोबर घ्या आणि पुढचं वेळापत्रक तसंच ठेवा. लागोपाठ दोन किंवा जास्त चुकल्या तर शेवटची चुकलेली लगेच घ्या आणि सात दिवस निरोधही वापरा. हे खऱ्या गोळ्यांच्या शेवटच्या आठवड्यात घडलं तर लोहाच्या सात सोडून सरळ नवं पाकीट सुरू करा. पाकीट नीट संपलेलं असेल तर दुसरी औषधं कोणती चालू आहेत ते सांगा. टीबीवरचं रिफाम्पिसिन, फिटांवरची फेनिटोइन किंवा कार्बामाझेपिन ही औषधं यकृताला गोळीतले हार्मोन भराभर मोडायला लावतात. मग डाग तर लागतातच, दिवसही राहू शकतात. सर्दी-खोकल्याच्या साध्या अँटिबायोटिकांनी असं होत नाही.

वजनाची तक्रार सगळ्यात जास्त ऐकू येते. गोळ्यांनी वजन ठळकपणे वाढतं असं अभ्यासांत दिसलेलं नाही. अंतरा या तिमाही इंजेक्शनाने मात्र काही जणींचं खरंच वाढतं. ते घेणाऱ्यांची पाळी आधी बेभरवशाची होते, मग वर्षभरात साधारण निम्म्या जणींची थांबते. रक्त आत साठत नाही, मुळात अस्तरच तयार होत नसतं. पण वर्षभरात मूल हवं असेल तर हे इंजेक्शन घेऊ नये. शेवटच्या डोसानंतर दिवस राहायला सरासरी सात ते दहा महिने लागतात, आणि एकदा टोचलेलं औषध काढून घेता येत नाही.

आता गुठळीबद्दल. गोळ्या न घेणाऱ्या दहा हजार बायकांत वर्षाला १ ते ५ जणींच्या शिरेत रक्ताची गुठळी होते. गोळ्या घेणाऱ्यांत ३ ते ९ जणींच्या, गरोदर बायकांत ५ ते २०. म्हणजे धोका वाढतो हे खरं, पण गरोदरपणात तो त्याहून जास्त असतो. ज्यांनी या गोळ्या घेऊच नयेत त्या वेगळ्या: अर्धशिशीआधी डोळ्यांपुढे चमकत्या नागमोडी रेषा येणाऱ्या, बीपी वाढलेलं असणाऱ्या, पस्तिशी ओलांडून सिगारेट ओढणाऱ्या, आधी कधी गुठळी झालेल्या आणि सहा महिन्यांच्या आतलं बाळ अंगावर पीत असलेल्या. बीपी न मोजता पाकीट हातात दिलं गेलं तर मागे वळून मोजायला सांगा. दोन मिनिटांचं काम आहे.

जाता जाता: गणपतीत किंवा पूजेसाठी पाळी पुढे ढकलायला घेतात ती नॉरएथिस्टेरॉन ५ मिलिग्रॅमची गोळी गर्भनिरोधक नाही. दोन्हींची गल्लत फार होते. पोट फुगल्यासारखं वाटलं की दोष "त्या गोळ्यांना" जातो, आणि कोणत्या ते विचारलं की ही निघते.

हार्मोन नकोच असतील तर पहिलं नाव छाया या आठवड्याच्या गोळीचं घेतलं जातं. हे सेंटक्रोमॅन नावाचं औषध, लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेत तयार झालेलं आणि १९९१ पासून सहेली या नावाने बाजारात असलेलं. ३० मिलिग्रॅमची पहिली गोळी पाळीच्या पहिल्या दिवशी घ्यायची. तो रविवार असेल तर दुसरी बुधवारी, आणि असे रविवार-बुधवार तीन महिने. चौथ्या महिन्यापासून फक्त रविवारी, मध्ये पाळी आली तरी वार बदलायचा नाही. यात स्टिरॉइड हार्मोन नाहीत, म्हणून मळमळ नाही आणि अंगावर पाजणाऱ्या आईलाही चालते. पण इस्ट्रोजेन शरीरात जिथे चिकटतं त्याच जागा ही अडवते, त्यामुळे "हार्मोनशी काही संबंधच नाही" हे काही पटत नाही. पाळी लांबते, कमी जाते. पंधरा दिवसांहून जास्त लांबली तर दिवस राहिलेत का ते लघवी तपासून बघा. पीसीओडी (अंडाशयाचा एक विकार), नुकतीच झालेली कावीळ किंवा यकृताचा आजार असेल तर ही नको. आठवड्याची गोळी विसरली जाऊ शकते, तेव्हा भिंतीवरच्या कालनिर्णयवर आधीच खुणा करून ठेवा.

पूर्णपणे बिनहार्मोनची आणि तरीही भरवशाची हवी असेल तर तांबी. कॉपर-टी ३८० ए दहा वर्षं चालते. तांब्यामुळे शुक्रजंतू निकामी होतात, बाकी अंडाशयाचं काम तसंच चालू राहतं. बसवताना आधी आतून तपासणी होते, मग पिशवीची खोली सळईने मोजतात आणि तांबी आत सोडणाऱ्या नळीवरची निळी खूण त्या मापावर आणतात. नळी आत गेल्यावर तिच्यातली दांडी ढकलायची नसते, ती स्थिर धरून नळी मागे ओढायची असते. दांडी ढकलली तर पिशवीला भोक पडायची भीती. दोरे साधारण तीन सेंटिमीटर ठेवून कापतात. मूल झालेलं नसलं तरी बसवता येते. तांबी छातीत चढते ही नुसती समजूत. पहिल्या वर्षात ती आपोआप बाहेर पडू शकते हे मात्र खरं, शंभरात दोन ते दहा जणींच्या बाबतीत तसं होतं. म्हणून पाळीनंतर दोरा हाताला लागतो का ते बघावं. लागला नाही तर सोनोग्राफी होईपर्यंत निरोध वापरावा.

पण तांबीतही देवाणघेवाण आहेच. पहिले तीन ते सहा महिने पाळीत जास्त जातं आणि कळा येतात. अल्सर किंवा दमा नसेल तर पाळीच्या पहिल्या दोन-तीन दिवसांत जेवणानंतर आयब्युप्रोफेन घेतलं की दोन्ही कमी होतं. बसवण्याआधी हिमोग्लोबिन बघाच. ज्यांचं आधीच पॅडवर पॅड भिजतं आणि रक्त कमी आहे, त्यांना आम्ही तांबीचा आग्रह करत नाही. अशा बाईला तांब्याऐवजी लेव्होनॉर्जेस्ट्रेल सोडणारी तांबी जास्त मानवते. तिच्यात हार्मोन आहे, पण तिने पाळीचं रक्त निम्म्याहूनही कमी होतं.

निरोध नुसता वापरला तर वर्षभरात शंभरातल्या साधारण १३ जणींना दिवस राहतात, तांबीत एकीलाही नाही म्हणा. तेरातल्या बऱ्याच चुका टाळता येण्यासारख्या असतात: निरोध उशिरा चढवणं, टोकातली हवा न काढणं, बाहेर काढताना कडा न धरणं, आणि खोबरेल तेल. तेलाने लेटेक्स काही मिनिटांतच कमकुवत होतं. चिकटपणा हवाच तर पाण्यावर आधारलेली जेली घ्या.

मुलं पुरे झाली असतील तर नवऱ्याच्या बिनटाक्याच्या नसबंदीचं नाव आम्ही मुद्दाम काढतो, कारण बायका ते काढत नाहीत. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात स्त्री नसबंदीचं प्रमाण ३७.९ टक्के होतं, पुरुषांचं ०.३. जागा बधिर करून पंधरा मिनिटांत होते, ताकद जात नाही. मात्र परिणाम लगेच नसतो. तीन महिने निरोध वापरायचा आणि वीर्य तपासून घ्यायचं.

शेवटी, जे काही ठरेल ते ठरो, या गोळ्या घेऊच नयेत अशांत तुम्ही नसाल तर चालू पाकीट मध्येच टाकून देऊ नका. तांबी बसवायची असेल तर बसेपर्यंत गोळ्या घ्या, बसल्यावर थांबवा. "सोडल्या आणि पुढच्या महिन्यात बघू म्हटलं" याच फटीत दिवस राहतात.