यादी मिटली, कुकर काढला

मंगळवार, रात्र

इंकटोबरच्या यादीतला आजचा शब्द वाचला आणि फोन उपडा ठेवला. ऑक्टोबरचे ३१ दिवस, रोज एक चित्र, तेही शाईनेच. जेक पार्कर या अमेरिकी चित्रकाराने २००९ साली हे सुरू केलं ते शाईवरचा स्वतःचा हात बसावा म्हणून. रोजच्या शब्दांची अधिकृत यादी २०१६ पासूनची. मला ती यादीच नकोशी झालीये. समजा शब्द निघाला 'जहाज'. पुण्यात सदाशिव पेठेत जहाज कुठून आणू? मग फोनवर फोटो धुंडाळायचे, त्यात अर्धा तास, आणि कागदावर हात चालतो जेमतेम दहा मिनिटं. दुसऱ्या दिवशी नवा शब्द, की जहाज गेलं ते गेलंच.

म्हणून आज ओट्यावरचा कुकर काढला. कालही तोच काढला होता.

कुकर सोपा वाटतो, नाहीये. स्टीलची चकाकी शाईने काढता येत नाही, ती सोडावी लागते. ट्यूबलाइट कुकरच्या पोटावर वाकडी होऊन लांबलचक पसरते. तेवढा कागद कोरा राखायचा आणि बाजूने रेघा दाट करत न्यायच्या. टाक जरा दाबला तर रेघ फुगते, आणि एकदा गेलेली रेघ परत घेता येत नाही. काल मी चकाकीभोवती आधी बाह्यरेषा आखली होती. आज आखलीच नाही, नुसत्या तिरक्या रेघा थांबवल्या, आणि कडा आपोआप दिसली. यादीच्या मागे लागले असते तर हे मला आज कळलंच नसतं.

तेव्हा भीमसेनजींचा पुरिया धनाश्री लावला होता. ते तेच ते ठरावीक राग गातात, अशी कुरकूर होत असे. असेना का! मुळात पुरिया रागात पंचम, म्हणजे 'प' हा स्वर, वर्ज्य, आणि पुरिया धनाश्रीत तोच पंचम वादी, म्हणजे मुख्य स्वर. तिथे ते येऊन थांबतात, ते दरवेळी निराळ्या वाटेने. मी ऐकत बसले आणि कुकरच्या दांड्याची शाई वाळून गेली. गाण्याच्या क्लासात एकच यमन महिनोन्‌महिने घोटून घेतात, त्याला कोणी नावं ठेवत नाही. चित्रांना मात्र रोज नवा विषय लागतो, हे कुणी ठरवलं?

इटलीतल्या बोलोन्या शहरात चित्रकार जोर्जो मोरांदी जन्मभर बाटल्या, बरण्या, डबे मांडून रंगवत राहिला. तिथल्या कलाशाळेत तो एचिंग, म्हणजे धातूच्या पत्र्यावर आम्लाने रेघा कोरून चित्र छापणं, शिकवायचा. त्याच्या एचिंगमधल्या बाटल्या नुसत्या आडव्यातिडव्या रेघांच्या जाळीतून उभ्या राहतात. त्या मी आज पुन्हा नीट पाहिल्या. उजेडाची बाजू म्हणजे निव्वळ कागद. (त्याला ओटा पुसून घ्यावा लागत नसणार, घरात बहिणी होत्या.)

आईने वही हातात घेतली. "परत कुकरच? आणि शिट्टी कललीये."

"अगं, ती खरीच कललेली आहे."

"मग नवी आणायला सांग. चित्रात कशाला?"

उद्या वरणभात झाल्यावर झाकण काढून बघणार आहे. आत दोन भांडी एकावर एक, म्हणजे लंबवर्तुळात लंबवर्तुळ, आणि माझी लंबवर्तुळं कडेला हमखास टोकदार होतात. शिवाय वाफ. ती शाईने कशी काढायची, देव जाणे.