त्रिंकोमाली आणि श्रीलंकेचं नौदल

श्रीलंकेला जाणारे आपले बहुतेक लोक कँडी, नुवारा एलिया, बेंटोटा करून परत फिरतात, पूर्व किनाऱ्यावरच्या त्रिंकोमालीला फारसं कुणी जात नाही. मला मात्र तिथेच जायचं होतं, कारण या देशाचं नौदल समजून घ्यायचं तर हे बंदर बघायलाच हवं.

फोर्ट फ्रेडरिकच्या दारातून आत शिरलं की ठिपक्यांची हरणं रस्त्यावर बिनधास्त फिरत असतात, किल्ल्यात आजही आर्मी आहे, आणि चढ संपला की कोणेश्वराचं देऊळ. जुनं देऊळ पोर्तुगीजांनी पाडलं आणि त्याचे दगड किल्ल्याला वापरले. कड्यावरून खाली बघितलं तर पाणी एवढं गडद निळं की नजर हटत नाही. पोर्तुगीज, डच, फ्रेंच, इंग्रज सगळे या जागेसाठी का भांडले ते वर उभं राहिलं की लगेच कळतं. जपान्यांनीही ९ एप्रिल १९४२ला इथे बॉम्ब टाकले, आणि त्याच दिवशी हर्मीस ही ब्रिटिश विमानवाहू बोट बट्टिकलोआजवळ बुडवली.

खुद्द लंकेच्या नौदलाची सुरुवात अगदी साधी. १९३७ला स्वयंसेवकांचं दल काढायचा कायदा झाला, महायुद्धात ते ब्रिटिशांच्या हाताखाली गेलं, आणि ९ डिसेंबर १९५०ला रॉयल सिलोन नेव्ही उभी राहिली. त्रिंकोमालीचा तळ ब्रिटिशांनी १९५७ला सोडला. नंतर १९६२ला सत्ता उलथवायचा एक कट उघडकीला आला, त्यात नौदलाच्या माजी प्रमुखाचंही नाव आलं आणि सरकारचा विश्वासच उडाला, बोटी विकल्या, कित्येक वर्षं भरती बंद. चहूबाजूंनी समुद्र असलेल्या देशाने स्वतःच्याच नौदलाला असं उपाशी ठेवावं हे मला वाचतानाही खटकलं होतं, तिथे उभं राहून तर जास्तच. १९७१च्या डाव्या तरुणांच्या बंडात खलाशांना जमिनीवर लढावं लागलं, मग कुठे सरकारला जाग आली आणि चीनकडून गनबोटी घेतल्या.

खरी परीक्षा मात्र वेगळ्या तमिळ राष्ट्रासाठी लढणाऱ्या एलटीटीईच्या सी टायगर्सनी, म्हणजे त्यांच्या समुद्री दलाने घेतली. जाफनाकडे जाणारा रस्ता बंद असला की सैनिक, धान्य, औषधं सगळं त्रिंकोमालीहून बोटीने जाफनाजवळच्या कांकेसंथुराई बंदराला जायचं, म्हणजे तो समुद्रच उत्तरेचा हायवे होता! मे २००६ला सातशेवर सैनिक घेऊन निघालेल्या पर्ल क्रूझ या जहाजावर सी टायगर्स आत्मघाती बोटी घेऊन तुटून पडले, सोबतच्या नौदलाच्या ड्वोरा या वेगवान हल्ला बोटींनी मध्ये घुसून ती वाचवली. पुढे नौदलाने शत्रूचीच पद्धत उचलली, छोट्या वेगवान अॅरो बोटी देशातच बांधल्या आणि झुंडीने लढायला लागले. २००७ला एलटीटीईची शस्त्रं भरलेली जहाजं हजार नॉटिकल मैलांच्याही पलीकडे जाऊन बुडवली, त्यात आघाडीवर होती सयुरा, म्हणजे आपल्या नौदलाची जुनी सरयू.

पण हे सगळं सांगताना दुसरी बाजू झाकून ठेवायची नाही. २००८-०९ला ११ तरुण पळवून गायब केल्याच्या केसमध्ये नौदलाच्याच अधिकाऱ्यांवर आरोप आहेत, आणि त्या मुलांच्या आयांना अजून न्याय मिळालेला नाही. मला हे युद्धातल्या कुठल्याही विजयाइतकंच महत्त्वाचं वाटतं.

इनर हार्बर रोडने चालत गेलो तेव्हा पाण्यात करड्या रंगाची एक गस्ती बोट उभी होती, डेकवर दोन खलाशी दोरखंड गुंडाळत होते, आणि शेजारून मासेमारीच्या होड्या आरामात चालल्या होत्या. सध्याच्या ताफ्यात ‘सयुराला’ आणि ‘सिंदुराला’ अशा नावांच्या, गोवा शिपयार्डने बांधलेल्या दोन बोटीही आहेत, २०१७ आणि २०१८ला दाखल झाल्या. काम आता गस्त, ड्रग्ज पकडणं, जळणारी जहाजं विझवणं असं, शिवाय किडनीच्या आजाराने पोळलेल्या गावांत पाणी शुद्ध करायचे प्लांटसुद्धा हेच लोक बसवतात.

सगळ्यात अवघड प्रश्न ट्रॉलरचा, म्हणजे तळापर्यंत जाळं ओढत नेणाऱ्या यांत्रिक मासेमारी बोटींचा. तमिळनाडूचे ट्रॉलर पाल्कच्या सामुद्रधुनीत तळ खरवडत जातात, आणि जाफनाकडचे तमिळ मच्छीमार, ज्यांना युद्धात हेच नौदल समुद्रात उतरू देत नव्हतं, तेच आता नौदलाने या ट्रॉलरना अडवावं म्हणून आंदोलन करतात. आपले मच्छीमार पकडले गेले की आपल्याकडे बातमी होते, त्यांच्या घरच्यांचे हाल खरेच आहेत, गोळीबार तर कधीच होता कामा नये. पण ट्रॉलरमुळे फाटलेली जाळी ज्यांची, त्या पलीकडच्या गरीब मच्छीमारांचं म्हणणं मला पटतं, आणि तळ खरवडणारी मासेमारी आपल्याच सरकारने थांबवायला हवी.